क्युप्रस क्लोराइड पहिल्यांदाच बनवताय? मग हे आधी वाचा (आणि पावडर पांढरीच ठेवा)

एमएससीच्या इनऑरगॅनिक प्रॅक्टिकलला क्युप्रस क्लोराइडचं प्रिपरेशन आलं की बहुतेकांना वाटतं, हे तर सोपं आहे, दोन सोल्युशन मिसळायची, पांढरा पीपीटी (प्रेसिपिटेट, म्हणजे न विरघळणारा साका) पडतो, फिल्टर करायचा, झालं. तसं पाहिलं तर रिअ‍ॅक्शन खरंच सोपी आहे, काही मिनिटांत संपते. पण तासाभराने वॉच ग्लासवर बघितलं तर अर्ध्या वर्गाची पावडर हिरवट झालेली असते आणि कुणालाच कळत नाही की चुकलं कुठे. मी हे प्रिपरेशन स्वतः केलंय, नंतर ज्युनिअर मुलांकडून करूनही घेतलंय, आणि माझं मत पक्कं झालंय की या प्रयोगात रिअ‍ॅक्शनला फारसं महत्त्व नाही, सगळा खेळ धुण्याचा आणि वाळवण्याचा आहे. म्हणून त्या भागावर मी जास्त लिहिणार आहे, बाकीचं पटापट.

एक गोष्ट आधीच सांगते, हे कॉलेजच्या लॅबमध्ये, फ्यूम हूडखाली आणि सर-मॅडम हजर असतानाच करायचं. सल्फर डायऑक्साइड निघतो, ज्यांना दमा आहे त्यांनी आधीच सांगून ठेवा, लाजू नका. घरी करायचा हा प्रयोग नाही.

१. आधी हा पदार्थ ओळखून घ्या

क्युप्रस क्लोराइड म्हणजे कॉपरची ऑक्सिडेशन स्टेट अधिक एक असलेलं क्लोराइड. मोलर मास ९८.९९, घनता साधारण ४.१४ ग्रॅम प्रति घन सेंमी, वितळतो ४२५ °से च्या आसपास. रंग पांढरा, कारण कॉपर-वनमध्ये डी ऑर्बिटल पूर्ण भरलेली असतात, दहाच्या दहा इलेक्ट्रॉन, त्यामुळे डी-डी ट्रान्झिशन (प्रकाश शोषून इलेक्ट्रॉनने एका डी ऑर्बिटलमधून दुसऱ्यात जाणं, ज्यामुळे रंग येतो) होऊच शकत नाही. याच कारणाने तो डायमॅग्नेटिकही आहे (चुंबकाकडे ओढला जात नाही). क्युप्रिक क्लोराइड मात्र नऊ इलेक्ट्रॉनवालं, पॅरामॅग्नेटिक (चुंबकाकडे किंचित ओढलं जाणारं), आणि पाण्यासकट क्रिस्टल असतील तर निळसर हिरवं. म्हणजे तुमच्या पावडरीत हिरवी झाक दिसली की समजायचं क्युप्रिक आलंय, यासाठी वेगळ्या मशीनची गरज नाही. व्हायव्हाला हा प्रश्न हमखास येतो, "पांढरं का?", तेव्हा नुसतं "पूर्ण भरलेलं ऑर्बिटल" म्हणून थांबू नका, क्युप्रिकशी तुलना करून सांगा.

स्ट्रक्चर झिंक ब्लेंडसारखं, प्रत्येक कॉपरभोवती चार क्लोराइड टेट्राहेड्रल. वाफेत मात्र तीन-तीन युनिटच्या रिंग मुख्यतः असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. निसर्गातही हे खनिज सापडतं, नाव नँटोकाइट, चिलीमधल्या नँटोको या ठिकाणावरून.

आता सगळ्यात महत्त्वाचा गुणधर्म, जो समजला तर पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप समजतील. पाण्यात मोकळा क्युप्रस आयन टिकत नाही, दोन क्युप्रस मिळून एक कॉपर धातू आणि एक क्युप्रिक आयन होतो, यालाच डिसप्रपोर्शनेशन म्हणतात. मग क्युप्रस क्लोराइड पाण्यात बनतंच कसं? तर ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही (सोल्युबिलिटी प्रॉडक्ट १० चा उणे सातवा घात या घरातला), आयन सोल्युशनमध्ये राहतच नाहीत म्हणून वाचतात. पण कोरडं असताना हवेत बरंच टिकणारं हे चूर्ण ओलं असताना हवेत ठेवलं की ऑक्सिजन त्याला धरतो आणि हिरवं बेसिक क्लोराइड बनतं. आणि नुसत्या पाण्याने, त्यातून गरम पाण्याने, धुवत बसलात तर हायड्रोलिसिस (पाण्याशीच रिअ‍ॅक्शन) होऊन पिवळट-नारिंगी क्युप्रस ऑक्साइडकडे जातं. म्हणजे हवा नको आणि साधं पाणीही नको. हे डोक्यात ठेवा.

२. काय काय लागेल

केमिकल्स:
- क्युप्रिक क्लोराइड डायहायड्रेट, ५ ग्रॅम
- निर्जल सोडियम सल्फाइट, ३.८ ग्रॅम (धुण्याच्या पाण्यासाठी आणखी १ ग्रॅम)
- कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक आम्ल, थोडंसं
- ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल
- अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल
- ड्राय ईथर, नसेल तर ड्राय अ‍ॅसिटोनवरही भागतं
- डिस्टिल्ड वॉटर, उकळून झाकून थंड केलेलं, म्हणजे विरघळलेली हवा निघून जाते

सामान: दोन बीकर, एक मोठा १ लिटरचा बीकर, मॅग्नेटिक स्टरर किंवा काचेची कांडी, सिंटर्ड ग्लास क्रुसिबल किंवा बुखनर फनेल, सक्शन पंप, व्हॅक्यूम डेसिकेटर, घट्ट झाकणाची गडद बाटली. गॉगल, ग्लोव्ह्ज, अ‍ॅप्रन हे तर लागतंच.

कागदपत्रं: प्रत्येक केमिकलची सेफ्टी डेटा शीट एकदा वाचून घ्या आणि जर्नलमध्ये बॅच नंबर लिहा. बरेच जण हे सोडतात, मग यील्ड कमी आलं की कारण शोधायला काहीच हाताशी नसतं.

इथेच पहिला सापळा आहे. कपाटात सोडियम सल्फाइट, सोडियम सल्फेट, सोडियम सल्फाइड आणि सोडियम थायोसल्फेट या चार बाटल्या शेजारी शेजारी असतात आणि लेबल अर्धं पुसलेलं असतं. सल्फेट घेतलं तर काहीच होणार नाही, नुसता वेळ जाईल. सल्फाइड घेतलं तर काळा कॉपर सल्फाइड पडेल आणि आम्लाशी गाठ पडली तर हायड्रोजन सल्फाइड निघेल, तो विषारी आहे, त्यामुळे लेबल दोनदा वाचा, दुसऱ्याला वाचायला सांगा.

दुसरं म्हणजे सल्फाइट जुनं असेल तर हवेने त्याचं सल्फेट झालेलं असतं. तपासायला सोपं आहे, चिमूटभर सल्फाइट पाण्यात विरघळवा आणि त्यात पातळ आयोडिनचे थेंब टाका, रंग लगेच उडाला पाहिजे. बारावीच्या सॉल्ट अ‍ॅनालिसिसमधला आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटचा कागदही चालतो, डायल्यूट आम्ल टाकल्यावर निघणाऱ्या गॅसवर धरला की तो हिरवा होतो. फक्त ही टेस्टसुद्धा हूडमध्येच करा.

३. हिशोब एकदा समजून घ्या

पुस्तकात रिअ‍ॅक्शन अशी दिलेली असते की दोन मोल क्युप्रिक क्लोराइडला एक मोल सल्फाइट पुरतं. ५ ग्रॅम डायहायड्रेट म्हणजे ०.०२९३ मोल, म्हणजे सल्फाइट लागेल १.८५ ग्रॅम. मग आपण ३.८ का घेतो, जवळजवळ दुप्पट? कारण पहिल्या रिअ‍ॅक्शनमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि ते उरलेल्या सल्फाइटशी लढून सल्फर डायऑक्साइड सोडतं. म्हणजे निम्मं सल्फाइट आम्ल मारण्यातच खर्च होतं आणि निघालेला गॅस सोल्युशन रिड्यूसिंग ठेवतो. नाकाला जाणवणारा तो वास म्हणजे रिअ‍ॅक्शन बरोबर चालल्याची खूण आहे, पण मुद्दाम वास घेत बसू नका.

थिऑरेटिकल यील्ड २.९० ग्रॅम. हा आकडा जर्नलमध्ये आधीच लिहून ठेवा. शेवटी तुमचं वजन ३.२ भरलं तर खूश होऊ नका, एक तर पावडर ओली आहे नाहीतर त्यात सोडियमची मिठं अडकलीत.

४. धुण्याचं पाणी आधी तयार करा

हे लोक नंतर करतात आणि तोपर्यंत पीपीटी हवेत उभा राहतो. म्हणून आधी करायचं. १ लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात १ ग्रॅम सोडियम सल्फाइट विरघळवा, मग हूडमध्ये हळूहळू २ मिली कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक आम्ल घाला आणि झाकून ठेवा. हे झालं सल्फ्युरस आम्लाचं पातळ पाणी. यात पुरेसं आम्ल आहे म्हणून हायड्रोलिसिस होत नाही आणि सल्फर डायऑक्साइड आहे म्हणून ऑक्सिडेशन होत नाही. दोन्ही शत्रूंचा एकाच पाण्यात बंदोबस्त.

५. प्रत्यक्ष रिअ‍ॅक्शन

क्युप्रिक क्लोराइड ५ ते ६ मिली पाण्यात विरघळवा. सोल्युशन गडद हिरवं दिसेल, घाबरू नका, इतक्या दाट सोल्युशनमध्ये क्लोराइड कॉपरला चिकटून असतात म्हणून हिरवा, पाणी वाढवत गेलात तर निळं होतं. सल्फाइट दुसऱ्या बीकरमध्ये २५ मिली पाण्यात विरघळवा.

आता सल्फाइटचं सोल्युशन कॉपरमध्ये घालायचं, उलट नाही. सल्फाइटचं सोल्युशन अल्कधर्मी असतं, त्यात कॉपरचे थेंब पडले तर कॉपर सल्फाइटची पिवळट-लालसर मिश्रणं येऊ शकतात आणि ती पुढे नीट निघत नाहीत. रूम टेंपरेचरला, सतत ढवळत, थेंब थेंब. गरम करायची गरज नाही.

सुरुवातीला सोल्युशन गडद तपकिरी होतं, चहासारखं नाही, त्याहूनही काळपट. पहिल्यांदा करणारे इथेच हबकतात आणि सगळं सिंकमध्ये ओतून टाकतात. थांबा! तो तपकिरी रंग क्युप्रस आणि क्युप्रिक दोघं एकाच क्लोराइड कॉम्प्लेक्समध्ये असल्यामुळे येतो, पुढे सल्फाइट पडत गेलं की रंग फिका होतो आणि पांढरा पीपीटी दिसायला लागतो. सगळं सल्फाइट संपल्यावर वरचं पाणी जवळजवळ रंगहीन किंवा अगदी फिकट हिरवट असायला हवं. ठळक हिरवं किंवा निळं असेल तर रिडक्शन पूर्ण झालेलं नाही, ताज्या सल्फाइटचं थोडं सोल्युशन आणखी घाला.

६. निथळणं

आता हे सगळं मिश्रण मोठ्या बीकरमध्ये आपल्या सल्फ्युरस पाण्याच्या साधारण अर्ध्या लिटरमध्ये ओता, ढवळा, झाकून उभं ठेवा. इतकं पाणी कशाला असा प्रश्न पडेल, तर सोल्युशनमध्ये क्लोराइड जास्त असले की क्युप्रस क्लोराइड कॉम्प्लेक्स होऊन विरघळून राहतं, पातळ केलं की ते पुन्हा बाहेर पडतं. तुमच्या लॅबमध्ये क्युप्रिक क्लोराइड नाही आणि सर कॉपर सल्फेट अधिक मीठ वापरायला सांगतात तेव्हा तर हे फारच महत्त्वाचं, कारण तिथे मीठ मुद्दाम जास्त घातलेलं असतं. तसं केलं तर ५ ग्रॅम क्युप्रिक क्लोराइडच्या जागी कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट ७.३ ग्रॅम लागेल.

पीपीटी जड असतो, लवकर तळाशी बसतो. वरचं स्वच्छ पाणी काळजीपूर्वक निथळून टाका.

७. फिल्टर करणं आणि धुणं, इथे खरी परीक्षा

ही पायरी वाचून झाल्याशिवाय सक्शन चालू करू नका.

उरलेलं सल्फ्युरस पाणी वापरून पीपीटी क्रुसिबलमध्ये घ्या. सक्शन हळू ठेवा. नियम एकच, पण अगदी कडक: पीपीटीवर नेहमी पाण्याचा किंवा सॉल्व्हंटचा थर असला पाहिजे. मुलं पंप जोरात लावतात, सगळं पाणी ओढलं जातं, केक (फिल्टरवर साठलेला पीपीटीचा थर) कोरडा पडतो, त्याला भेगा पडतात आणि पंप त्या भेगांमधून लॅबची हवा पूर्ण केकमधून ओढत राहतो. म्हणजे ज्या ऑक्सिजनपासून आपण सकाळपासून वाचवतोय तोच आपण स्वतः पंप लावून आत खेचतो. पाचच मिनिटांत कडा हिरव्या. जुलैमध्ये मुंबईत किंवा कोकणात हवा इतकी दमट असते की हे आणखी लवकर होतं.

क्रम असा:

सल्फ्युरस पाणी, दोन-तीन वेळा, म्हणजे सोडियमची मिठं आणि क्युप्रिकचा अंश निघून जातो. मग ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल, प्रत्येक वेळी १० मिली, चार-पाच वेळा. बऱ्याच जणांना वाटतं पाण्यानंतर लगेच अल्कोहोल घेतलं की झालं, आम्लाची काय गरज, पण पाणी काढून टाकताना पावडर आम्लातच राहावी हा मुद्दा आहे, अ‍ॅसिटिक आम्ल पाण्याशी पूर्ण मिसळतं आणि हायड्रोलिसिसही होऊ देत नाही. आम्ल धुवून झालं की अल्कोहोल, दोन-तीन वेळा, आणि शेवटी ड्राय ईथर किंवा अ‍ॅसिटोन, तेही छोट्या छोट्या भागात. एकदम ५० मिली ओतण्यापेक्षा १० मिली पाच वेळा, हे कायम लक्षात ठेवा. दर वेळी आधीचा थर पूर्ण संपायच्या आत पुढचा ओता. एकाने ओतायचं, दुसऱ्याने पंप सांभाळायचा, जोडीने केलं तर फारच सुटसुटीत होतं.

डिसेंबर-जानेवारीत नाशिक किंवा पुण्याच्या लॅबमध्ये सकाळी अ‍ॅसिटिक आम्लाची बाटली गोठलेली सापडेल, ते १६.६ °से ला गोठतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा, बर्नरवर अजिबात धरू नका. ग्लेशियल आम्ल त्वचा भाजतं, ग्लोव्ह्ज घालूनच. ईथरच्या वेळी आजूबाजूच्या सगळ्या टेबलांवरचे बर्नर बंद, नुसता तुमचा नाही.

८. वाळवणं

शेवटच्या सॉल्व्हंटनंतरच पंप मोकळा चालू द्यायचा, तोही अगदी थोडा वेळ, मग पटकन व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये. ओव्हनमध्ये वाळवायचं असेल तर आधी ईथर पूर्ण उडून गेलेलं असलं पाहिजे, ईथरचा वास येतोय तोपर्यंत ओव्हनजवळही नेऊ नका, त्याची वाफ पेटते.

वाळल्यावर पावडर शुभ्र आणि मोकळी हवी. लगेच गडद बाटलीत भरा, कारण ओलावा असेल तर प्रकाशानेही ती काळपटते. बाटली अर्धी रिकामी ठेवू नका, छोटी बाटली घ्या म्हणजे आत हवा कमी.

९. झालं ते खरंच क्युप्रस आहे का, तपासा

कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिकमध्ये थोडी पावडर विरघळवा, सोल्युशन जवळजवळ रंगहीन मिळायला हवं. ते भरपूर पाण्यात ओतलं की पुन्हा पांढरा पीपीटी. हेच उलट्या बाजूने वापरून दुसरी पद्धतही आहे, क्युप्रिक क्लोराइड, कॉपरचे तुकडे आणि कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक एकत्र उकळायचं, रंग गेला की थंड पाण्यात ओतायचं. उकळतं आम्ल हाताळावं लागतं म्हणून नव्यांसाठी मला सल्फाइटचीच पद्धत बरी वाटते.

अमोनियाची टेस्ट मात्र जरूर करा, फार सुंदर दिसते. टेस्ट ट्यूबमध्ये चिमूटभर पावडर, अमोनिया गच्च वरपर्यंत भरून बूच लावा. शुद्ध असेल तर सोल्युशन जवळपास रंगहीन. बूच काढून हलवलं की हवेने वरून खाली निळं होत जातं, क्युप्रसचं क्युप्रिक होताना डोळ्यांसमोर दिसतं. पहिल्याच क्षणी गर्द निळं आलं तर तुमच्या पावडरीत क्युप्रिक आधीपासूनच आहे. ही अमोनियावाली ट्यूब अ‍ॅसिटिलिनच्या आसपास नेऊ नका, लाल कॉपर अ‍ॅसिटिलाइड तयार होतं आणि ते वाळलं की स्फोट होऊ शकतो.

टक्केवारी काढायची असेल तर ०.२५ ग्रॅम पावडर अचूक वजन करून फेरिक अमोनियम सल्फेटच्या आम्लयुक्त सोल्युशनमध्ये विरघळवा. क्युप्रस फेरिकला फेरस करतो, आणि तो फेरस ०.१ नॉर्मल सेरिक सल्फेटने फेरॉइन इंडिकेटर घालून टायट्रेट करायचा. १ मिली म्हणजे ९.९ मिलिग्रॅम क्युप्रस क्लोराइड. पूर्ण शुद्ध असेल तर २५.२ मिलीच्या आसपास रीडिंग यायला हवं, २४.६ आलं तर शुद्धता ९७.४ टक्के. परमँगनेट वापरू नका, क्लोराइड असताना ते जास्त खर्च होतं आणि तुमचं रीडिंग खोटं चांगलं दिसतं.

१०. व्हायव्हासाठी थोडं

उपयोग विचारले तर सँडमायर रिअ‍ॅक्शन (१८८४, डायझोनियम मिठापासून अ‍ॅरिल क्लोराइड बनवण्याची) सगळेच सांगतात. त्याच्या पुढे गॅस अ‍ॅनालिसिसमध्ये कार्बन मोनॉक्साइड शोषून घ्यायला वापर, निळा थॅलोसायनिन रंग बनवताना कॉपरचा स्रोत, आणि हवामान फुग्यांच्या रेडिओसाँडमध्ये पाणी घातल्यावर सुरू होणारी मॅग्नेशियम-क्युप्रस क्लोराइड बॅटरी, हे सांगा. इतिहास विचारला तर सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइलने मर्क्युरिक क्लोराइड आणि तांब्यापासून हे बनवलं होतं, आणि तांब्याची दोन क्लोराइड वेगळी आहेत हे १७९९ मध्ये प्राउस्टने दाखवलं.

११. उरलेल्या द्रवाचं काय

कॉपर पाण्यातल्या जिवांना घातक आहे, म्हणून निथळलेलं पाणी आणि फिल्ट्रेट सिंकमध्ये जाणार नाही. पाण्याचे सगळे भाग हेवी मेटलच्या डब्यात. अ‍ॅसिटिक आम्लाचे धुणे वेगळ्या बाटलीत, अल्कोहोल आणि ईथर ज्वालाग्राही वेस्टच्या बाटलीत, झाकण लावून, लेबलवर तारीख आणि "कॉपरयुक्त" असं लिहून. अमोनियाच्या टेस्टची ट्यूब त्याच दिवशी डायल्यूट आम्लाने न्यूट्रल करून कॉपरच्या डब्यात रिकामी करा, रात्रभर स्टँडवर सोडू नका. आणि सल्फाइट असलेल्या वेस्टमध्ये कुणी आम्ल ओतणार नाही एवढं त्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर दुसऱ्या दिवशी झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर सल्फर डायऑक्साइड येतो.